आईचा गट ओ, बाळाचा ए!

तळेघर गावच्या मुलांना वार म्हणजे काय हे सांगायला नको. गाय व्याली की घरातली मोठी माणसं एक डोळा वासरावर आणि दुसरा गाईवर ठेवून बसतात. वार पडली की गाय ती खाऊन टाकते, म्हणून चटकन उचलून पुरावी लागते. तुम्ही ती नीट पाहिली असेल, तर तिच्यावरचे लालसर गोळे आठवतील. माणसाची वार अशी गोळ्यागोळ्यांची नसते. ती एकच गोल चकती, वीतभर रुंद, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. तुम्ही जन्मलात तेव्हा तुमच्या मागोमाग तुमची वारही बाहेर आली होती, बरं का!

आईच्या रक्तातून प्राणवायू आणि अन्न बाळाकडे पोचवायचं, बाळाकडचा टाकाऊ माल आईकडे द्यायचा, हे वारेचं काम. आणि तेही दोघांचं रक्त एकमेकांत मिसळू न देता! वारेला असंख्य बारीक फाटे असतात. ते आईच्या रक्तात बुडालेले, आणि त्यांच्या आत बाळाच्या रक्तवाहिन्या. सगळे फाटे उलगडून पसरले, तर दहा-बारा चौरस मीटर जागा लागेल.

आता खरी अडचण. समजा, आईचा रक्तगट ओ आहे आणि बाळानं बाबांकडून ए गट घेतला. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए गटावर तुटून पडणारी प्रतिद्रव्यं आधीपासूनच तयार असतात. अशा माणसाला चुकून ए गटाचं रक्त चढवलं, तर जीवावर बेततं. मग ए गटाचं बाळ नऊ महिने पोटात सुखानं कसं राहतं?

उत्तर साखरेत आहे! चहातल्या साखरेत नव्हे, तिच्या भावंडांत. आपल्या पेशींवर साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या असतात. रानात सगळ्यांची गुरं एकत्र चरली, तरी शिंगांच्या रंगावरून कुणाचा बैल ते कळतं ना? तसंच हे. साखळीच्या टोकाशी फ्युकोज नावाची साखर असली की गट ओ. त्यावर एक ठरावीक साखर आणखी जोडली की ए, दुसरी जोडली की बी. एवढ्याशा फरकावरून केवढा गोंधळ! हे गट कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 साली उजेडात आणले.

या साखळ्या म्युसिन नावाच्या प्रथिनांवरही असतात. लाळ आणि शेंबूड बुळबुळीत होतो तो या म्युसिनमुळे. म्हणून बहुतेकांचा रक्तगट त्यांच्या थुंकीवरूनही ओळखता येतो. (करून बघायला जाऊ नका, त्याला प्रयोगशाळा लागते.)

आता वारेची युक्ती बघा. फाट्यांच्या आत, बाळाच्या रक्तवाहिन्यांवर, ए किंवा बीची साखर असते. पण आईच्या रक्ताला टेकणाऱ्या सगळ्यात बाहेरच्या थरावर ती नसतेच! हा थरही अजब. असंख्य पेशी मधल्या भिंती पाडून एक झालेल्या, म्हणजे एकच अवाढव्य पेशी. तिच्यावर दुसऱ्याच साखरांचं दाट आवरण असतं. आईच्या प्रतिद्रव्यांना तिथं ए सापडतच नाही. वारेकडे याशिवायही युक्त्या आहेत. तरी आईची काही प्रतिद्रव्यं बाळापर्यंत पोचतात आणि एखाद्या बाळाला जन्मल्यावर कावीळ होते. डॉक्टर तिच्यावर उपचार करतात.

आणि साखळीच्या टोकाचं ते फ्युकोजच नसेल तर? अशीही माणसं आहेत, आणि ती पहिल्यांदा ओळखली गेली आपल्या मुंबईत! त्यांचं रक्त ओ गटाशीसुद्धा जुळेना. डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी 1952 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही गोष्ट जगाला सांगितली. त्या लेखात त्यांच्या जोडीला इंग्लंडचे शास्त्रज्ञही होते. त्यांतल्या विनिफ्रेड वॉटकिन्स आणि वॉल्टर मॉर्गन यांनी तर म्युसिनचाच अभ्यास करून रक्तगटांच्या साखरा शोधल्या. या गटाला आज जगभर ‘बॉम्बे’ गट म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. ही माणसं अगदी ठणठणीत असतात, पण रक्त लागलंच तर त्यांना फक्त बॉम्बे गटाचंच चालतं.

गरोदरपणाच्या कार्डावर आईचा रक्तगट लिहिलेला असतो. ते जुनं कार्ड शोधा, स्वतःचा गटही विचारून घ्या. तिचा ओ आणि तुमचा ए किंवा बी निघाला, तर आम्हाला पत्रानं जरूर कळवा!