जुन्या मोटारीच्या सेल्फ-डायनामोचे हरवलेले भाग

मुंबईत ऑपेरा हाउसपासून लॅमिंग्टन रोडपर्यंतच्या गल्ल्यांतून मोटारीच्या सुट्या भागांचा जो व्यापार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, त्यातील एखाद्या जाणत्या दुकानदारापाशी १९२० च्या सुमाराच्या डॉज ब्रदर्स मोटारीकरिता कार्बन, ब्रशहोल्डर आणि आर्मेचर यांची मागणी केली, तर त्याचा पहिला प्रश्न ‘सेल्फचे की डायनामोचे?’ असा येतो. आणि हा प्रश्न व्यापाराच्या वहिवाटीस धरून सर्वस्वी रास्त असला, तरी या मोटारीपुरता तो लागू पडत नाही. कारण तिच्या इंजिनाच्या कडेस बसविलेले ते जड नळकांडे सेल्फही असते आणि डायनामोही असते. बॅटरीचा प्रवाह घेऊन तेच इंजिनास प्रथम गती देते आणि इंजिन चालू लागले की त्याच साखळीवरून उलट गती घेऊन तेच बॅटरी भरू लागते. अशा यंत्रातील एखादा भाग गहाळ झाला, म्हणजे मोटारीची सुरुवात आणि तिचा प्रकाश ही दोन्ही एकदमच जातात.

पुढून हँडल घालून इंजिन फिरविणे हाच जेव्हा सार्वत्रिक शिरस्ता होता, तेव्हा ठिणगी वेळेपूर्वी पडून हँडल उलटे झटकले गेल्यामुळे मनगटे मोडणे ही नित्याची गोष्ट होती. ज्या १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते गिरगावच्या या रॉयल ऑपेरा हाउसचे उद्घाटन झाले, त्याच साली अमेरिकेत डेल्को कंपनीच्या चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅक मोटारीसाठी विजेचा स्टार्टर सिद्ध केला. १९१२ च्या नमुन्याच्या कॅडिलॅकवर आलेले ते यंत्रदेखील सेल्फ व डायनामो यांचा संयोगच होता. सुरू करताना त्यास चोवीस व्होल्ट लागत आणि भरणी मात्र सहा व्होल्टांनी होई. पुढे १९१४ च्या नोव्हेंबरात डॉज बंधूंची पहिली मोटार बाहेर पडली, तेव्हा रॉचेस्टर येथील नॉर्थ ईस्ट इलेक्ट्रिक कंपनीचे बारा व्होल्टांचे एकच यंत्र साखळीने इंजिनास जोडून त्यांनी ही गुंतागुंत पुष्कळ सोपी केली. इंग्लंडात गोल नाकाच्या मॉरिस मोटारींवर लुकास कंपनीचा असाच ‘डायनामोटर’ असे.

या रचनेत एक मूलभूत तडजोड होती. इंजिन ढकलावयाचे तर मोटरीच्या पुष्कळ फेऱ्यांस इंजिनाचा एक फेरा पडला पाहिजे. परंतु तेच प्रमाण कायम राहिले, तर इंजिन वेगाने चालू लागताच डायनामो इतका बेफाम फिरेल की त्याची गुंडाळी उखडून जाईल. यास्तव प्रमाण बेताचे ठेवून यंत्रच मोठे व जड करावे लागले. सेल्फसाठी जाड तांब्याची आणि भरणीसाठी बारीक तारेची, अशा दोन वेगळ्या गुंडाळ्या त्याच पोटात घालाव्या लागल्या. त्याचा लाभ असा, की दाते एकमेकांत अडकण्याचा खणखणाट नाही. पाय दाबताच इंजिन निःशब्दपणे फिरू लागते. तथापि खर्च आणि वजन यांपुढे हा लाभ टिकला नाही आणि १९२६ च्या सुमारास डॉजनेही स्वतंत्र सेल्फ व स्वतंत्र डायनामो यांचा मार्ग पत्करला. आज दादरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या नव्या ॲक्टिव्हा स्कूटरींत जे सुरू होण्याच्या वेळी आवाजच करीत नाही, ते यंत्र तत्त्वतः याच कुळातले आहे.

१९२९ मध्ये नॉर्थ ईस्ट कंपनी जनरल मोटर्सने विकत घेतली. त्याच जनरल मोटर्सने आदल्याच वर्षी परळ-लालबागच्या शेजारी शिवडीस मोटारी जुळविण्याचा कारखाना उघडला होता. तो १९५४ पर्यंत चालला. केवळ परदेशी भाग जुळविणाऱ्या कारखान्यांना १९५३ नंतरच्या सरकारी धोरणात थारा राहिला नाही आणि परकीय चलनाच्या टंचाईत आयातीचे परवाने दुर्मीळ झाले. डॉजचे नाव कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९४७ पासून पुन्हा ऐकू येऊ लागले होते, परंतु त्या नव्या मोटारींचा एकही विद्युत्‌-भाग या जुन्या यंत्राच्या उपयोगाचा नव्हता. अशा परिस्थितीत जुन्या गाडीचा मालक जे मिळेल ते बसवी. अवजड सेल्फ-डायनामो काढून कोपऱ्यात पडे, त्यातील तांबे वजनावर विकले जाई आणि उरलेले लोखंड भंगारात जाई. भाग हरवण्याचे खरे कारण बहुधा चोरी नसते, तर वजनावर विकलेले तांबे असते.

गहाळ भागांची फर्द करावयास बसले, की मोठ्या वस्तूंपेक्षा क्षुल्लक वस्तूच अधिक छळतात, असे ध्यानात येते. कम्यूटेटरवर धूळ जाऊ नये म्हणून असलेला पत्र्याचा पट्टा, ब्रशच्या स्प्रिंगा, टर्मिनलखालील फायबरचे बुश, उलटा प्रवाह रोखणाऱ्या कटआउटचे झाकण हे जिन्नस कोणत्याही दुकानाच्या यादीत नसतात. मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात एखाद्या पेटीच्या तळाशी एखादा पट्टा सापडतोही, पण तिथे शब्दांनी मागून काही निष्पन्न होत नाही. हातात नमुना आणि खिशात कॅलिपर पाहिजे. नागदेवी स्ट्रीटवर मात्र शोधाला शास्त्राचा आधार मिळतो. बॉल बेअरिंगांची आंतरराष्ट्रीय मापे त्या काळीच रूढ झाली असल्यामुळे आतील व्यास, बाहेरील व्यास आणि रुंदी सांगितली, तर शंभर वर्षांपूर्वीच्या बेअरिंगाचा जोडीदार आजही पुष्कळदा हाती येतो. साखळीचे तसे नाही. मूळची साखळी दातेरी पट्ट्यांची, आवाज न करणारी असते. तिच्याऐवजी सायकलीसारखी रोलर साखळी घालावयाची म्हणजे दोन्ही चक्रे बदलावयाची, आणि मग गाडीचा तो निःशब्द प्रारंभ गेलाच म्हणून समजावे.

स्क्रूंविषयीही सावध राहावे लागते. डॉजचे आटे अमेरिकन. पण मॉरिसच्या इंजिनात, ते कॉव्हेंट्रीच्या हॉचकिस या मूळच्या फ्रेंच कारखान्याच्या वारशाने आल्यामुळे, बोल्टाचे डोके व्हिटवर्थ पान्याचे आणि आटे मात्र मेट्रिक असतात. पाना बसला म्हणून नट बसेलच असे नाही. डोके पाहून बोल्ट निवडणारा कारागीर अशा इंजिनाचे आटे नासवून टाकतो.

सर्वांत महागात पडणारी गफलत तारेच्या क्रमांकाची. लोहार चाळीत तार मागितली, की ती ब्रिटिश गेजाने मिळते. अमेरिकन यंत्र अमेरिकन गेजाने गुंडाळलेले असते. क्रमांक १८ ची अमेरिकन तार सुमारे १.०२ मिलिमीटर जाडीची, तर ब्रिटिश तार १.२२ मिलिमीटरची, म्हणजे तोच आकडा, पण तांब्याचा छेद सुमारे चाळीस टक्क्यांनी अधिक. ती आर्मेचरच्या खाचांत मावत नाही, आणि वेटोळी कमी करून मावविली, तर यंत्राचे गुण बदलतात. म्हणून जळालेली गुंडाळी सोडविण्यापूर्वी वेटोळी मोजणे, तार सूक्ष्ममापकाने मोजणे आणि जोडणीचे चित्र काढणे, एवढा दाखला कागदावर उतरविल्याशिवाय कोणी कात्री लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

कम्यूटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अभ्रकाचे पापुद्रे असतात. अभ्रक तांब्यापेक्षा सावकाश झिजते, मग ते वर राहते, त्यावरून ब्रश उडतो आणि ठिणग्या पडू लागतात; यासाठी लेथवर तांबे साफ करून अभ्रक थोडे खाली कोरावे लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पत्र्याच्या रूपातील अभ्रकाचा जगातील सर्वांत मोठा पुरवठा हिंदुस्थानातून, विशेषतः कोडरमाच्या खाणींतून होत असे, आणि गुंडाळीवर चढविण्याची लाखही छोटा नागपुराच्या जंगलांतून जाई. अमेरिकेत जन्मलेल्या त्या यंत्राच्या अंतर्यामी आपल्याच मुलखाचे द्रव्य असण्याचा पुष्कळ संभव आहे, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

हे काम करणारे हात मात्र बाजारात मिळत नाहीत, ते लालबाग-परळच्या गाळ्यांत शोधावे लागतात. गिरण्यांना मोटरी गुंडाळणारे वाइंडर, फिटर आणि टर्नर लागत. परळ व लोअर परळ येथील रेल्वेचे कारखाने तर एकोणिसाव्या शतकापासून असे कारागीर घडवीत आले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा काहींनी आपली विद्या छोट्या गाळ्यांत नेली. ज्याने गिरणीतल्या मोटरी गुंडाळल्या आहेत, त्यास डॉजचे आर्मेचर परके वाटत नाही. त्यास कोष्टक नसले, तरी ग्राउलर या चाचणीच्या यंत्रावर आर्मेचर ठेवून त्यावर पाते धरून कोणते वेटोळे आतल्या आत भिडले आहे, हे तो क्षणात सांगतो. ही परंपरा नव्या उंच इमारतींखाली झपाट्याने आटत आहे आणि माझ्या मते ब्रशहोल्डर किंवा साखळी यांपेक्षा हाच सर्वांत दुर्मीळ सुटा भाग होय.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांस ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि चासी, बॉडी व इंजिन यांत भरीव फेरफार नसावा अशी अट. मूळ सेल्फ-डायनामो काढून त्याजागी आधुनिक अल्टरनेटर दडविण्याची रीत काही मालक पत्करतात. गाडी रस्त्यावर ठेवण्यासाठी तात्पुरते ते क्षम्य आहे. मूळ यंत्र टाकून देणे मात्र क्षम्य नाही.

म्हणून वाचकांस एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत आजोबांच्या गॅरेजातील डबा, एखादे मोटारीचे मार्गदर्शक पुस्तक, सुट्या भागांची छापील यादी किंवा गिरणीतील वाइंडरची तारांच्या मापांची वही हाती आली, तर ती रद्दीत वा भंगारात घालू नका. सुट्या भागांना गाडीचे नाव व साल लिहिलेली चिठ्ठी बांधा, एका यंत्राचे सर्व भाग एकाच पिशवीत ठेवा आणि वह्या-पुस्तके जवळच्या ग्रंथालयास किंवा तंत्रसंस्थेस विचारून त्यांच्या हवाली करा.