अरुंधतीदर्शन आणि जोडतारे

विवाहविधीत सप्तपदीनंतर वधूवरांना ध्रुव व अरुंधती दाखविण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात मांडवाच्या कापडाकडे बोट केले जाते आणि वधूवर ‘दिसली’ म्हणून मोकळे होतात. मार्गशीर्षातील लग्नात तर अरुंधती संध्याकाळी आकाशात नसतेच; ती मध्यरात्रीच्या सुमारास उगवते. वैशाख-ज्येष्ठात मात्र रात्री नऊनंतर सप्तर्षी उत्तरेस उंच असतात व सुरतेच्या झगमगाटातूनही ओळखता येतात. हा विधी डोळ्यांनी व्हावा, या हेतूने भाविकांसाठी हे लिहीत आहोत.

सप्तर्षींच्या शेपटीतील तीन ताऱ्यांपैकी मधला तो वसिष्ठ. त्याच्या शेजारचा मंद ठिपका अरुंधती. दोहोंत सुमारे १२ कलांचे अंतर आहे, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या तृतीयांशाहून थोडे अधिक. आधी ठळक तारा दाखवावा, मग त्याच्या आधाराने सूक्ष्म तारा दाखवावा, हाच शास्त्रकारांचा स्थूलारुंधतीन्याय.

हा न्याय दुर्बिणीने आणखी पुढे नेता येतो. ६० मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण स्थिर तिवईवर बसवून ३०-४० पट वर्धन देणारी नेत्रिका लावावी. वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांत फुटलेला दिसतो, आणि अरुंधती त्याच दृश्यात बाजूला असते. या दोन घटकांत केवळ १४ विकलांचे अंतर आहे. दुर्बिणीने ही जोडी गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याने १६१७ मध्ये पाहिली. १८८९ मध्ये पिकरिंग यांनी वर्णपटावरून दाखविले की त्यांतील ठळक घटकही जोडताराच आहे. पुढे दुसरा घटकही तसाच निघाला, आणि २००९ मध्ये अरुंधतीचाही एक मंद सोबती सापडला. असे एकूण सहा तारे झाले. शेवटचे तीन शोध मोठ्या उपकरणांचे आहेत. आपल्या दुर्बिणीत ते दिसणार नाहीत.

येथे एक दुरुस्ती करणे आमचे कर्तव्य आहे. ‘वसिष्ठ-अरुंधती परस्परांभोवती फिरतात, हे ऋषींना ठाऊक होते’ असे मांडवात आम्हीही सांगत आलो. ते सांगणे आता सोडले आहे. हे तारे अवकाशात एकाच दिशेने जातात व बहुधा गुरुत्वाने बांधलेले असावेत. पण ही प्रदक्षिणा असलीच तर काही लाख वर्षांची, नुसत्या डोळ्यांना न कळणारी. पतिव्रता अरुंधतीच्या महतीला या आधाराची गरजही नाही.

दुर्बीण सुरतेला परकी नाही. १६५१ मध्ये जेरेमाया शेकर्ली या इंग्रज ज्योतिर्विदाने येथूनच बुधाचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण पाहिले होते. जोडताऱ्यांचे काम महाराष्ट्रात झाले ते पुण्यास. कॅप्टन जेकब यांनी १८४२ मध्ये तेथे खासगी वेधशाळा उभारून २४४ जोडताऱ्यांची सूची केली.

गच्चीवर दिवे मालवून डोळ्यांना पंधरा-वीस मिनिटे अंधाराची सवय होऊ द्यावी. पृथ्वीच्या फिरण्याने तारा दृश्यातून सरकत राहतो, म्हणून वृद्धांना आधी उभे करावे आणि प्रत्येक वेळी तारा पुन्हा मध्यावर आणावा. नवपरिणीत दांपत्यास घाई असते, हे आम्ही जाणतो.