गाडीच्या काचेवरचा बर्फ : जमतो कसा, निघतो कसा

उत्तर युरोप, कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्याचे चार-पाच महिने उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारींच्या काचांवर सकाळी बर्फाचा पांढरा थर आढळतो, आणि तो काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणे धोक्याचे तर असतेच, अनेक देशांत बेकायदाही असते. काम दिसायला किरकोळ आहे. परंतु ते नीट करावयाचे तर हा थर मुळात येतो कोठून हे समजून घ्यावे लागते, कारण त्यावरचे बहुतेक घरगुती उपाय सगळा बर्फ वितळवण्याच्या मागे लागतात आणि तेथेच फसतात.

काचेवर बर्फ दिसला म्हणजे रात्री हिमवर्षाव झाला असेलच असे नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता सतत बाहेर टाकत असते. या क्रियेला प्रारण म्हणतात. आकाश ढगाळ असेल तर ढगही खालच्या दिशेने उष्णता टाकतात आणि देवाणघेवाण बरीचशी बरोबरीत सुटते. मात्र निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री काचेतून गेलेल्या उष्णतेच्या मानाने परत फारच थोडी मिळते, त्यामुळे काच भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होते. हवेतील बाष्प ज्या तापमानाला पाण्याच्या रूपात सुटू लागते त्याला दवबिंदू तापमान म्हणतात. काच त्याच्या खाली गेली की तिच्यावर दव धरते, आणि काचेचे तापमान शून्याच्याही खाली असेल तर बाष्प पाणी न होता थेट स्फटिकरूप बर्फ बनते, ज्याला निक्षेपण असे नाव आहे. हवामान खात्याने रात्रीचे किमान तापमान दोन किंवा तीन अंश सांगितले असतानाही सकाळी काच पांढरी का सापडते, याचे उत्तर यात आहे : खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळेल अशा पेटीत, आकाशापासून झाकलेला असतो, तर गाडी उघड्यावर असते.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीच्या कडाक्यात दवबिंदू गोठून गवतावर आणि उभ्या गाड्यांच्या टपांवर हिमकण जमतात, त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात, आणि त्याच दिवशी गावात नोंदलेले तापमान शून्याच्या बरेच वर असलेले पाहून अनेकांना बातमी फुगवलेली वाटते. वास्तविक दोन्ही नोंदी खऱ्या असू शकतात.

आकाशाकडे होणाऱ्या या प्रारणामुळेच एकाच गाडीच्या सगळ्या काचा सारख्या गोठत नाहीत. पुढची काच तिरपी असल्यामुळे तिच्यासमोर आकाशाचा मोठा भाग येतो, म्हणून ती सर्वांत जास्त पांढरी होते. बाजूच्या जवळजवळ उभ्या काचांसमोर निम्मे आकाश आणि निम्मी जमीन असते, शेजारी घराची भिंत असेल तर आकाश आणखी कमी, म्हणून तेथे थर पातळ राहतो. पत्र्याच्या साध्या छपराखाली, दाट झाडाखाली किंवा इमारतीला चिकटून उभी केलेली गाडी त्याच रात्री कोरडी सापडते. छपराने हवा गरम केलेली नसते, फक्त काचेची आकाशाशी गाठ तोडलेली असते.

हिमकणांचा हा थर सर्वांत सौम्य. संध्याकाळी धरलेले दव मागाहून गोठले किंवा दिवसा वितळलेला हिम रात्री पुन्हा घट्ट झाला, तर काचेवर गुळगुळीत आणि चिवट पापुद्रा बसतो. याहून त्रासदायक म्हणजे अतिशीतित पाऊस, अर्थात शून्याखाली जाऊनही द्रवच राहिलेल्या थेंबांचा पाऊस. हे थेंब कशावरही आदळताच पसरतात आणि गोठतात, त्यामुळे काच, वायपर आणि दाराच्या फटी पारदर्शक बर्फाच्या एकाच कवचाखाली जातात.

आता हा थर काढण्याचा हिशेब पाहू. एक चौरस मीटर काचेवर ०.३ मिलिमीटर जाडीचा घट्ट बर्फ आहे असे धरले तर त्याचे वजन सुमारे २७५ ग्रॅम भरते. बर्फ वितळताना तापमान न वाढवताच शोषल्या जाणाऱ्या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. बर्फाच्या बाबतीत ती ग्रॅमला सुमारे ३३४ ज्यूल असल्याने एवढ्या थरासाठी ९२ हजार ज्यूल लागतात. तथापि खालची काचही थंडगार असते : पाच मिलिमीटर जाडीच्या त्याच एक चौरस मीटर काचेचे वजन साडेबारा किलोच्या आसपास असते आणि तिचे तापमान दहा अंशांनी वाढवायलाच एक लाख ज्यूलच्या घरात उष्णता लागते. म्हणजे आतून हीटर लावून वाट पाहणाऱ्याची निम्मी उष्णता काच तापवण्यातच जाते, बाहेरची थंड हवा त्यातही वाटा मागते, आणि रिकाम्या गतीने चालणारे इंजिन मुळात हळूहळू तापते. दहा मिनिटे इंधन जाळून पुढे हाताएवढे भोक पडते ते यामुळे.

मात्र काच स्वच्छ होण्यासाठी सगळा बर्फ वितळावा लागत नाही. काच आणि बर्फ यांच्यामधला केसाहून पातळ थर सुटला की वरचा सगळा पापुद्रा आपोआप घसरतो, आणि चांगला म्हणावा असा प्रत्येक उपाय, मग तो दोन रुपयांचा असो वा प्रयोगशाळेतला, याच जोडावर घाव घालतो. अमेरिकेतील डार्टमथ येथील संशोधक व्हिक्टर पेट्रेंको यांनी काचेवरील विद्युतवाहक पातळ लेपातून अत्यल्प काळ तीव्र वीजप्रवाह सोडून फक्त हा जोड वितळवण्याची पद्धत विकसित केली. काच आणि बर्फ दोन्ही तापायला वेळच न मिळाल्याने ऊर्जा फार कमी लागते.

साधा प्लॅस्टिकचा स्क्रेपर हेच काम यांत्रिक बळाने करतो. त्याची सरळ धार काचेला तिरपी टेकवून बर्फाखाली सरकवायची असते, वरून दाबून घासायची नसते. जाड कवचाला आधी मागच्या दातेरी कडेने चरे पाडले, की धारेला आत शिरायला जागा मिळते. फटका एकाच दिशेने मारून धार उचलावी, कारण पुढेमागे घासल्यास बर्फात अडकलेली रस्त्याची धूळ आणि वाळूचे कण काचेवर फिरतात आणि बारीक ओरखडे उमटतात, जे समोरून येणाऱ्या दिव्यांच्या प्रकाशात किंवा मावळतीच्या उन्हात एकदम चमकू लागतात. हाताशी स्क्रेपर नसला की बँकेचे कार्ड वापरले जाते. त्याची कड थंडीत ठिसूळ होऊन तुटते आणि मधोमध वाकल्यामुळे धार लागतच नाही. हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मात्र पाहावी लागते : रात्री वायपर चालू स्थितीत राहिले असतील तर चावी फिरवताच गोठलेली पाती उचलण्याच्या प्रयत्नात रबर फाटते, फ्यूज उडतो किंवा मोटर जळते.

वायपरचा जन्मही अशाच हवेतला आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन यांनी न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात ट्रामचालकांना गारठ्यात काच उघडी ठेवून पुढे पाहताना बघितले आणि आतून दांडा ओढून फिरवता येणाऱ्या पुसणीचे पेटंट १९०३ मध्ये मिळवले. एका कॅनेडियन कंपनीने त्यात व्यापारी मोल नाही असे कळवले.

काचेवर उकळते पाणी ओतणे हा सर्वांत सुचणारा आणि सर्वांत वाईट उपाय. काच उष्णतेची मंद वाहक आहे, त्यामुळे वरचा पृष्ठभाग क्षणात प्रसरण पावतो, आतला भाग थंडच राहतो, आणि या ताणातून आधीची बारीक खपली लांब तड्यात बदलते. पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा दाबून केलेली असते. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून १९०३ मध्ये पडलेला एक चंबू आतल्या वाळलेल्या पापुद्र्यामुळे तडकूनही विखुरला नाही, तेथून ही कल्पना निघाल्याचे सांगितले जाते. या पापुद्र्यामुळे पुढची काच फुटली तरी जागेवर राहते. बाजूच्या कडक केलेल्या काचा मात्र फुटल्या की कणाकणांत कोसळतात. शिवाय काच शाबूत राहिली तरी ओघळलेले पाणी दाराच्या फटीत आणि पायाखाली पुन्हा गोठते.

फवाऱ्याने मारावयाच्या द्रावणांत अल्कोहोल असते. ते बर्फात मिसळून त्याचा गोठणबिंदू खाली आणते, त्यामुळे जोड सैल होतो. परंतु अल्कोहोल उडून जाताना काचेची उष्णता घेऊन जाते, म्हणून फवारल्यानंतर लगेच खरवडून पुसले नाही तर उरलेले पाणी पुन्हा धरते. मिथेनॉल विषारी असल्याने युरोपीय संघाने २०१८ च्या नियमाने ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या काच धुण्याच्या व बर्फ काढण्याच्या द्रावणांतील त्याचे प्रमाण ०.६ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. काही द्रावणांत आढळणारे इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि जमिनीवर सांडलेले चाटून कुत्री-मांजरे दगावतात. घरगुती व्हिनेगरमध्ये अॅसिडचे प्रमाण इतके थोडे असते की ते स्वतःच शून्याच्या जेमतेम दोन अंश खाली गोठू लागते, तेव्हा त्याची कीर्ती त्याच्या कामापेक्षा मोठी म्हणावी लागते.

विजेने प्रश्न बराच सोपा केला आहे. मागच्या काचेवरच्या तपकिरी आडव्या रेषा म्हणजे काचेवर छापलेल्या विद्युतवाहक तारा. फोर्डने १९८० च्या दशकाच्या मध्यात पुढच्या काचेच्या पापुद्र्यात डोळ्याला क्वचितच जाणवणाऱ्या बारीक तारा बसवायला सुरुवात केली. उत्तर डकोटातील अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४९ मध्ये पेटंट घेतलेला इंजिन-हीटर रात्रभर इंजिन कोमट ठेवतो, आणि कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत वाहनतळांवर त्यासाठी विजेचे खांब असतात. विजेवरच्या मोटारी तर निघण्यापूर्वी मोबाइलवरून आतून गरम करता येतात.

बाहेरचा थर गेला तरी आतली वाफ उरते. श्वास, ओले बूट आणि हिमाने भिजलेले कोट यांतून सुटणारे बाष्प थंड काचेवर बसते, त्यावर हात फिरवला की चिकट डाग राहतात. हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण बंद करून, बाहेरची हवा घेऊन, वातानुकूलन चालू करावे, कारण ते हवेतील बाष्प काढून टाकते आणि मग हीटर कोरडी हवा काचेवर सोडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ऐन पावसाळ्यात घाटात धुकट झालेली काच एसी लावून साफ करणारा चालक हेच शास्त्र वापरत असतो.

कायद्याची भूमिका कडक आहे. जर्मनीत काचेवर पाहण्यापुरते भोक पाडून गाडी हाकणाऱ्यास १० युरो दंड होतो, अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाईतून वजावट करू शकते, आणि काच सुटावी म्हणून उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे हाही तेथे स्वतंत्र गुन्हा आहे. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतील २२९ वा नियम निघण्यापूर्वी सर्व काचांवरील बर्फ काढण्यास, दिवे आणि क्रमांकपट्टी स्वच्छ करण्यास सांगतो. पेनसिल्व्हेनियाच्या २०२२ च्या कायद्यानुसार हिम थांबल्यापासून चोवीस तासांच्या आत गाडीवर साचलेला बर्फही हटवावा लागतो, कारण धावत्या गाडीच्या टपावरून उडालेली लादी मागच्या गाडीच्या काचेत घुसते.

इतक्या साधनांतही प्रारणाचे गणित ध्यानात घेणारा उपाय सर्वांत स्वस्त ठरतो : संध्याकाळी पुढची काच पुठ्ठ्याने, जाड कापडाने किंवा चमकत्या आवरणाने झाकून त्याच्या दोन्ही कडा दारात दाबून ठेवणे. आवरण आणि काच दोन्ही कोरडी असावीत, नाहीतर सकाळी ती एकमेकांना चिकटलेली सापडतात. कोरडे आवरण काढायला काही सेकंद लागतात. दहा मिनिटे इंजिन तापवण्यापेक्षा तो सौदा केव्हाही बरा.