वही कोणाच्या कपाटात?

एकटा संगणक चुकला तर त्याची तपासणी त्या मानाने सोपी. काम मध्येच थांबवायचे, कोणत्या खान्यात कोणता आकडा आहे ते पाहायचे, आणि एकेक पाऊल पुढे सरकायचे. परंतु बँक, रेल्वे, टपाल यांचा कारभार आज अनेक यंत्रे एकमेकांना निरोप धाडून चालवतात. त्यांतले एक थांबवले तरी बाकीची चालूच राहतात. निरोप उशिरा पोहोचतो, हरवतो, कधी दोनदा येतो. आणि तोच प्रसंग तपासनिसापुढे पुन्हा घडेलच याची शाश्वती नाही.

मग भिस्त उरते ती नोंदवहीवर. प्रत्येक यंत्र आपल्या कामाची टिपणे ठेवते, पण प्रत्येकाचे घड्याळ थोडे मागेपुढे असते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 साली यावर मांडलेला तोडगा कोणाही कारकुनाला पटेल. प्रत्येक यंत्राने घडामोडींना चढते क्रमांक द्यावेत, निरोपासोबत आपला क्रमांक धाडावा, आणि घेणाऱ्याने आपला पुढचा क्रमांक त्याहून मोठा धरावा. घड्याळे काहीही म्हणोत, जावक आवकेच्या आधीच लागते! गूगलच्या अभियंत्यांनी 2010 साली ‘डॅपर’ या साधनाची माहिती प्रसिद्ध केली. त्यात आलेल्या मागणीला आरंभीच ओळखक्रमांक देतात, आणि ती ज्या ज्या यंत्राकडे जाईल तेथे त्याच क्रमांकाखाली नोंद होते. नोंदी एकत्र मांडल्या की काम कोठे अडले ते दिसते.

एवढे झाले इंजिनिअरांचे. आम्हा संघटनेच्या माणसांना पुढचा प्रश्न पडतो: ही वही पाहायची कोणी?

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने 1999 पासून शाखांमध्ये ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली बसवली. आरंभी हिशेब शाखेतल्या काउंटरांवर साठत आणि त्यांच्या नकला एकमेकांकडे व केंद्राकडे जात. स्कॉटलंडमधील फाल्कर्कच्या एका शाखेत 2005 साली एका काउंटरवरची नोंद दुसऱ्या काउंटरला दिसेना, आणि हिशेबात तूट उभी राहिली. पैसा कोणी नेला नव्हता. नक्कल पोहोचली नव्हती. दोन्ही काउंटरांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर असा दोष उघडा पडतो. परंतु सविस्तर नोंदी पुरवठादार फुजित्सू कंपनीकडे. ठाऊक असलेल्या दोषांची वहीही तिच्याचकडे. शाखाचालकाला दिसे ती बेरीज. तूट त्यानेच भरायची, नाहीतर चोरीचा किंवा खोट्या हिशेबाचा खटला. त्यात इंग्लंडच्या न्यायालयांत, उलट पुरावा येईपर्यंत, संगणक बरोबर चालतो असेच गृहीत धरत. मस्टर मुकादमाच्या कपाटात, आणि आपला खाडा नव्हता हे शाबीत करायचे कामगाराने, त्यातलाच हा प्रकार! 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक लोक दोषी ठरवले गेले. कित्येक तुरुंगात गेले, काहींची घरे गेली.

अखेर 555 जणांनी मिळून दावा लावला. एकेकट्याने विचारले तेव्हा न उघडलेली दोषांची वही दाव्यात बाहेर आली, आणि तिच्यातल्या हजारो नोंदी दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना अभ्यासता आल्या. डिसेंबर 2019 मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निर्णय दिला की दोषांमुळे शाखांच्या हिशेबात तफावत पडू शकत होती व पडलीही होती. शिवाय फुजित्सूची माणसे शाखाचालकाच्या नकळत दुरून नोंदी बदलू शकत. हे पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे नाकारत आले होते. 2024 साली पार्लमेंटने कायदा करून इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमधील शेकडो शिक्षा रद्द केल्या. स्कॉटलंडने त्याच वर्षी आपला वेगळा कायदा केला.