हाजींवर सावली धरणारा इंजिनीअर

रमजान आला की दानाचा विषय घरोघरी निघतो. जकात किती निघते, फितरा कुणाला द्यायचा, मदरशाची पावती कुणी किती रुपयांची फाडली. या हिशेबात एक शब्द जरा मागे राहतो. सदका-ए-जारिया, म्हणजे वाहते राहणारे दान. हदीसमध्ये सांगितले आहे की माणूस गेला की त्याच्या कर्मांचे खाते बंद होते, तीन गोष्टी मात्र चालू राहतात: वाहते राहणारे दान, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ मागणारी नेक संतती. विहीर खोदणे, झाड लावणे, मुसाफिरखाना बांधणे ही याची आपल्याकडची नेहमीची उदाहरणे. त्यात मला एका इंजिनीअरचे नाव घालावेसे वाटते. मरहूम फजलूर रहमान खान.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी ढाक्याला झाला. वडील अब्दुर रहमान खान गणिताचे शिक्षक, पाठ्यपुस्तके लिहिणारे. मुलगा कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकत होता. १९५० च्या दंगलींत शिक्षण अर्धवट सोडून त्याला ढाक्याला परतावे लागले आणि पदवी तिथल्या अहसानुल्ला कॉलेजातून मिळाली. १९५२ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेत गेले. इलिनॉय विद्यापीठात तीन वर्षांत दोन मास्टर्स पदव्या आणि डॉक्टरेट मिळवली आणि शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या कंपनीत लागले. मधे काही काळ मायदेशी परतले, पण मनासारखे काम मिळेना. १९६० मध्ये पुन्हा शिकागो. जन्म ब्रिटिश हिंदुस्थानातला, तारुण्यातला पासपोर्ट पाकिस्तानचा, १९६७ पासून नागरिकत्व अमेरिकेचे आणि १९७१ नंतर जन्मगाव बांगलादेशात. स्वतः एकदाच दूर गेले, पण नकाशा त्यांच्याखालून वारंवार सरकत राहिला.

शिकागोत त्यांनी जे केले ते आज जगभरच्या बांधकाम शास्त्रात शिकवतात. उंच इमारतीला तिच्या वजनाइतकाच त्रास वाऱ्याचा असतो. आत खांबांचे जंगल उभारून इमारत ताठ ठेवायची, ही जुनी रीत. त्यात लोखंड भरमसाट लागे. खानांनी भार बाहेरच्या भिंतींवर नेला. कडेचे खांब जवळजवळ घेऊन इमारतीची एक पोकळ नळी केली. बांबू आतून पोकळ असूनही वाऱ्यात मोडत नाही, तसेच हे. १९३१ ची एम्पायर स्टेट बिल्डिंग दर चौरस मीटरला सुमारे २०६ किलो पोलाद खाते. खानांच्या १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटरला १४५ किलोंत भागले. पुढे नऊ नळ्या एकत्र बांधून ११० मजल्यांचा सिअर्स टॉवर झाला. उंची ४४२ मीटर. १९९८ पर्यंत जगात त्याच्याहून उंच इमारत नव्हती. हे काम त्यांनी एकट्याने केले नाही, वास्तुरचनाकार ब्रूस ग्रॅहॅम यांची जोड होती. पण एवढा उंच मनोरा उभा कशावर राहायचा, याचे उत्तर खानांचे होते.

आपल्या लोकांना मात्र त्यांची ओळख नकळत होते ती जेद्दाला. पूर्वी मुंबईहून हाजी बोटीने जात. तो प्रवास १९९५ मध्ये बंद झाला आणि सगळी वाहतूक विमानांवर आली. जेद्दाच्या विमानतळावर हाजींसाठी वेगळे टर्मिनल आहे, १९८१ मध्ये सुरू झालेले. तिथून आलेले म्हातारे नातवंडांना हमखास सांगतात, ‘‘अरे, विमानतळ कसला, पांढऱ्या तंबूंचे गावच ते.’’

तंबू २१० आहेत, प्रत्येकाची बाजू ४५ मीटर. अडचण अशी होती की जागा लागणार हजारोंना, पण वर्षातून काही आठवडेच. उतरल्यावर सोपस्कार, सामान आणि बसची वाट पाहण्यात अठरा तास जातील आणि परतताना छत्तीस तासही, असा हिशेब धरला होता. परतीच्या गर्दीत ऐंशी हजार माणसे एकाच वेळी मावली पाहिजेत. शिवाय हजच्या तारखा चंद्राच्या, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकणाऱ्या, म्हणजे कधी सौम्य हवा तर कधी भाजणारा उन्हाळा. एवढ्या पसाऱ्याला काच लावून एअरकंडिशन करणे म्हणजे पैसा वाळूत ओतणे.

खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिंतीच काढून टाकल्या. उंच पोलादी खांबांवरून तारांनी ताणलेले कापड, आणि तेही साधे नव्हे. काचतंतूंचे, वर टेफ्लॉनचा थर, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतो तोच. ऊन बरेचसे परत फिरते, उजेड मात्र मऊ होऊन आत उतरतो. तंबूचा शेंडा उघडा ठेवलेला असतो. गरम हवा वर चढून तिथून निघून जाते आणि तिच्या जागी बाजूंनी वारा येतो. वाळवंटातल्या बेदूंना हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. खानांचे मोठेपण मला इथे जास्त दिसते, सिअर्स टॉवरपेक्षाही. जगातला सर्वांत उंच मनोरा उभा करणारा माणूस हाजींसाठी तंबूच योग्य म्हणतो. मिनाच्या मैदानात हाजीला तंबूतच राहायचे असते. एहरामच्या दोन चादरींत उतरलेल्या माणसाला आधी काचेचा महाल दाखवला नाही, हे बरेच झाले.

कुणी म्हणेल, यात सदका कुठे आला? कंपनीने फी घेतली, खानांनी पगार घेतला. खरे आहे. पण मशिदीचा गवंडीही मजुरी घेतो, म्हणून त्याने सरळ बांधलेल्या भिंतीचे पुण्य त्याला मिळू नये असे मला तरी वाटत नाही. नियत अल्लाह जाणे. खान म्हणत की तंत्रज्ञाने आपल्या तंत्रात हरवून जाऊ नये, त्याला संगीत, नाटक आणि माणसे यांचीही ओढ हवी. हे नुसते बोलणे नव्हते. रवींद्रसंगीत ते स्वतः गात. १९७१ मध्ये बांगलादेशात कत्तल सुरू झाली तेव्हा शिकागोतल्या बंगाल्यांना एकत्र करून त्यांनी मदतीसाठी संस्था उभी केली, पैसे जमवले आणि वॉशिंग्टनला जाऊन खासदारांची दारे ठोठावली.

टर्मिनल सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, २७ मार्च १९८२ रोजी, कामासाठी गेले असताना जेद्दालाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्रेपन्नाव्या वाढदिवसाला एक आठवडा बाकी होता. म्हातारपण काही वाट्याला आले नाही. दफन शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत झाले. १९८३ मध्ये टर्मिनलला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, तो पाहायला ते नव्हते. हदीसमधली तिसरी गोष्टही त्यांच्या वाट्याला आली म्हणायची. लेक यास्मिन सबीना खान वडिलांच्याच व्यवसायात गेली. तिने २००४ मध्ये त्यांच्या कामावर पुस्तक लिहिले, त्यात नळीचे गणित आहे आणि बापही आहे.

ईद झाली की महिना-दीड महिन्यात हजची विमाने सुटू लागतील. मोहल्ल्यातले कुणी निघाले की लोक दुआसाठी नावे सांगतात, काही जण कागदावर लिहून देतात. यंदा माझ्या कागदावर घरच्यांच्या खाली आणखी एक नाव असेल: फजलूर रहमान, वल्द अब्दुर रहमान, ढाक्याचे.