मुलांची कविता गावापर्यंत कशी न्यावी? नाव, परवानगी आणि ‘फॉरवर्ड’चा घोळ

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. त्याच्या आदल्या आठवड्यात अनेक शाळांत भित्तिपत्रके सजतात, हस्तलिखिते शिवली जातात आणि पाहुण्यांच्या हस्ते त्यांचे प्रकाशनही होते. पाहुणे गेले की हस्तलिखित मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते. प्रत एकच असते. पहिल्या पानावर जिची कविता आहे, तिच्या आईलाही ती वाचायला मिळत नाही.

आता शिक्षकांच्या हातात फोन आहे. कवितेचा फोटो काढून ग्रुपवर टाकायला दहा सेकंद पुरतात. अडचण तिथूनच सुरू होते. चार ग्रुप फिरेपर्यंत कवितेखालचे मुलाचे नाव गळून पडते, कधी तिथे एखाद्या नामवंत कवीचे नाव चिकटते. कधी याच्या उलट होते. कवितेबरोबर मुलाचा गणवेशातला फोटो, गाव आणि वडिलांचा मोबाइल क्रमांकही अनोळखी फोनमध्ये पोहोचतो. कवितेला नाव हवे, पण मुलाची सगळी माहिती उघड्यावर नको. शिक्षकांना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात.

कवितेचा मालक कोण?

वही शाळेची, विषय बाईंनी दिलेला, म्हणून कविता शाळेची, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार साहित्यकृतीचा पहिला मालक तिचा लेखक असतो. त्याला वयाची अट नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. कविता कागदावर उतरली की हक्क लागू होतो आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क नोकरी देणाऱ्याकडे जाऊ शकतो, पण विद्यार्थी शाळेचा नोकर नाही.

याच कायद्याचे कलम ५७ शिक्षकांनी जरूर वाचावे. कृतीवर आपले नाव असण्याचा आणि तिची मोडतोड करून आपल्या लौकिकाला धक्का लावला तर हरकत घेण्याचा हक्क हे कलम लेखकाला देते. शुद्धलेखन तपासले म्हणून कुणी कोर्टात जाणार नाही, हे खरे. पण ‘सुधारणा’ कुठे थांबवायची, हा प्रश्न उरतोच. खानदेशातल्या मुलाने अहिराणी शब्द लिहिला आणि शिक्षकांनी त्या जागी पुस्तकी शब्द बसवला, तर गावाला कविता वाचून दाखवताना तोच शब्द हरवलेला असतो. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या सोपानदेवांसह घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्या पुस्तकरूपात आल्या. छापतानाही बोली तशीच राहिली, म्हणून आज आपण ती वाचतो. मुलांच्या कवितेत बदल करायचाच असेल, तर तो मुलाला विचारून करावा आणि मूळ पान जपून ठेवावे.

परवानगी कोणाची आणि कशी?

भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अल्पवयीन व्यक्ती करार करू शकत नाही. त्यामुळे प्रकाशनासाठी पालकांची लेखी परवानगी घ्यावी. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि बालकाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. शाळांना लागू पडणाऱ्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी अमलात येतील, पण चांगली सवय लावायला तोवर थांबण्याचे कारण नाही.

प्रवेश अर्जावरची सरसकट सही इथे उपयोगाची नाही. संमती ठरावीक कामासाठीची हवी. कविता कुठे दिसणार, नाव कसे छापणार (पूर्ण, फक्त पहिले की टोपणनाव), फोटो असेल का आणि परवानगी मागे घ्यायची तर कोणाला सांगायचे, एवढे चार मुद्दे साध्या मराठीत एका पानावर मावतात. आणि मुलालाही विचारा. कायद्याला पालकांची सही पुरते, पण वर्गात हसू होणार आहे ते मुलाचे.

काही कविता अजिबात बाहेर नेऊ नयेत

घरातली मारहाण, वडिलांचे दारूचे व्यसन, कुणाचा तरी नकोसा स्पर्श हे विषय मुले कवितेत लिहितात, कारण दुसरीकडे बोलता येत नाही. शिक्षकांना अशी कविता उत्तम वाटू शकते, पण गावात ती वाचली गेली तर ते घर लगेच ओळखले जाते. लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर ‘पोक्सो’ कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तो शिक्षकाच्या मर्जीचा भाग नाही. मदतीसाठी १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे. बालगृहातल्या किंवा निरीक्षणगृहातल्या मुलांसाठी नियम आणखी कडक आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार त्यांची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. तिथल्या मुलांची कविता छापायची तर टोपणनावानेच.

मग पोहोचवायची कशी?

फक्त हस्ताक्षराचा फोटो पाठवू नका. तो शोधता येत नाही आणि छोट्या पडद्यावर वाचताही येत नाही. फोटोसोबत युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर द्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर फोनवर अगम्य चिन्हांसारखा दिसतो. कवीचे नाव, इयत्ता आणि वर्ष चित्राच्या आतच, कवितेच्या शेवटच्या ओळीला चिकटून लिहा. वेगळ्या मेसेजमध्ये दिलेले नाव दुसऱ्याच फॉरवर्डला गळते.

वाचता न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी मुलाच्या आवाजातले रेकॉर्डिंग सगळ्यात भारी. मागे सिनेमातले गाणे मात्र लावू नका, त्याचा कॉपीराइट दुसऱ्याचा असतो. जवळपास सामुदायिक रेडिओ असेल तर विचारून पाहा. साताऱ्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी हे त्याचे ओळखीचे उदाहरण. बाकी दूध संकलन केंद्र, एसटी स्टँड, वाचनालय, ग्रामपंचायतीचा फलक या जागा फुकट आहेत आणि तिथे माणसे थांबतात. ए-फोर कागदावर मोठ्या अक्षरात एक कविता आणि खाली आवाजाचा क्यूआर कोड एवढ्यात काम होते. शाळेने पुस्तकच काढायचे ठरवले, तर आयएसबीएन क्रमांक भारतात मोफत मिळतो.

पाठवण्याआधी एक तपासणी करा. कवितेची पहिली ओळ इंटरनेटवर शोधा. आवडलेली कविता मुले वहीत उतरवतात आणि खाली स्वतःचे नाव घालतात. त्यात लबाडी नसते, पण गावासमोर उघड झाले तर ओशाळे व्हावे लागते ते मुलालाच.

शेवटचा मुद्दा तांत्रिक आहे. ग्रुपवर फाइल टाकण्याऐवजी शाळेच्या खात्यावरची लिंक टाका आणि डाउनलोडची सोय बंद ठेवा. फाइल एकदा पन्नास फोनमध्ये उतरली की परत घेता येत नाही. लिंकचेही स्क्रीनशॉट निघतात, पण मूळ प्रत एकाच जागी राहते. पाचवीतली कवयित्री दहावीत गेल्यावर ‘सर, ती माझी कविता काढा ना’ म्हणाली, तर सरांना ती काढता तरी येईल.