काटा अडतो, तेव्हा शरीर काय करत असते?

शेंद्रा एमआयडीसीत पाळी सुटली की जालना रोडवर कंपन्यांच्या बस एकामागे एक लागतात. काही चिकलठाण्याच्या दिशेने शहराकडे वळतात, काही करमाडकडे. फाट्यावरच्या टपरीवर चहा पिता पिता पूर्वी ओव्हरटाइम आणि बोनसच्या गप्पा व्हायच्या, हल्ली त्यात वजनाचा विषयही येतो. कुणी भात सोडलेला असतो, कुणी साखर. कुणी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दिवसातून दोनदाच जेवतो आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवतो. पहिले दोन-तीन महिने मंडळी खुशीत असतात, पॅन्ट सैल होते, घरचेही कौतुक करतात. आणि मग एके दिवशी वजनकाटा अडतो तो अडतोच.

उदाहरणादाखल असा एक कामगार धरू. वय चाळिशीच्या आसपास, वजन ८४ किलो. त्याने रोजच्या खाण्यातून साधारण ५०० कॅलरी कमी केल्या, रोज पाच किलोमीटर चालायला लागला. पाच महिन्यांत वजन ७६ वर आले. गेला दीड महिना मात्र ते ७६च आहे. खाणे तेच, चालणे तेच, तरी काटा हलत नाही. अशा वेळी माणूस दोन निष्कर्षांपैकी एक काढतो. ‘आपल्या शरीराला डाएट लागूच पडत नाही’ असे म्हणून सगळे सोडून देतो, नाहीतर चिडून एका जेवणावर येतो. पहिल्या वाटेने गेलेले किलो परत येतात. दुसऱ्या वाटेनेही बहुधा तेच होते, फक्त मधल्या काळात अशक्तपणा सोसावा लागतो.

मुळात अपेक्षाच चुकीची बाळगलेली असते. ७,७०० कॅलरी कमी खाल्ल्या की एक किलो घटते, म्हणजे रोज ५०० कमी खाल्ल्या तर वर्षात जवळपास २४ किलो, हा हिशेब सर्वत्र सांगितला जातो. त्याचे मूळ मॅक्स विश्नोफ्स्की या अमेरिकी डॉक्टरांनी १९५८ मध्ये केलेल्या मांडणीत आहे. तो शरीराला बँकेच्या खात्यासारखे धरतो, जेवढे काढले तेवढे कमी. पण शरीर लहान झाले की त्याचा रोजचा खर्चही कमी होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याचे सुधारित गणित मांडले. त्यानुसार रोजच्या ठराविक कपातीने जेवढे वजन शेवटी घटणार असते, त्यातले निम्मे घटायलाच साधारण वर्ष लागते आणि जवळपास सगळे घटायला तीन वर्षे. म्हणजे रोज ५०० कॅलरींची कपात काटेकोर पाळली, तर वर्षभरात २४ नव्हे, अकराच्या आसपास किलो जातील.

शेंद्र्याच्या त्या कामगाराचे चालणेच पाहा. ढोबळ हिशेबाने एक किलोमीटर चालायला शरीराच्या दर किलोमागे अर्धी कॅलरी जादा लागते. ८४ किलोला पाच किलोमीटरचे २१० झाले, ७६ किलोला १९०. रस्ता तोच, घाम तेवढाच, पण खर्च कमी. हेच दिवसभराच्या प्रत्येक हालचालीत होते. शिवाय शरीर त्याहून थोडी जास्तच काटकसर करते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रुडॉल्फ लायबेल यांच्या गटाने १९९५ मध्ये हे मोजून दाखवले. दहा टक्के वजन उतरवलेल्या लोकांचा ऊर्जाखर्च, त्यांच्या नव्या वजनाला शोभेल त्याहूनही खाली गेला होता.

या काटकसरीचे टोकाचे रूप दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात दिसले होते. युद्धाने उपाशी ठेवलेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे, हे शोधण्यासाठी अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे सरासरी १,५७० कॅलरींच्या आसपास ठेवले आणि त्यांना आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालायला लावले. त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले. शरीराचा विश्रांतीतला खर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. हे तरुण कमी हलत, जिने टाळत आणि दिवसभर अन्नाचाच विचार करत. आज अनेक घरगुती डाएट १,२०० कॅलरींवर आणून ठेवतात, तेव्हा हा आकडा आठवावा.

भूक हिशेब ठेवते

पण खर्चातली ही घट पाच-सहा महिन्यांत काटा पूर्ण थांबवण्याएवढी मोठी नसते. हॉल यांच्याच गणिताप्रमाणे खाणे खरोखर तेवढेच राहिले, तर वजन त्यानंतरही हळूहळू उतरत राहायला हवे. मग अडते कुठे?

याचे चांगले उत्तर २०१६ मध्ये एका वेगळ्याच वाटेने मिळाले. मधुमेहाची काही औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. ती घेणाऱ्याच्या नकळत रोज काही कॅलरी शरीराबाहेर जातात. डाएट नाही, निश्चय नाही, तरीही सुरुवातीला वजन थोडे उतरते. अशा रुग्णांचे वर्षभराचे वजन तपासून डेव्हिड पोलिडोरी, हॉल आणि सहकाऱ्यांनी त्यांचे खाणे किती वाढले असेल, याचे गणित केले. घटलेल्या प्रत्येक किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढत होती. त्याच एका किलोमागे शरीराचा खर्च मात्र २० ते ३० कॅलरींनीच कमी होत होता. वजन टिकवून धरण्यात शरीराचे खरे हत्यार चयापचय नसून भूक आहे, तेही तिप्पट-चौपट जोराचे.

आता आठ किलो उतरवलेल्या त्या कामगाराचा हिशेब पुन्हा मांडू. खर्च सुमारे २०० कॅलरींनी घटला. त्याच्या ५०० च्या कपातीतल्या ३०० उरल्या. तिकडे भूक त्याला दिवसाला ८०० कॅलरींनी मागे ओढते आहे. त्याने त्यातल्या ५०० परतवल्या असे मानले, तरी ३०० आत शिरल्याच. भाजीत चमचाभर तेल जास्त म्हणजे १२०, दोन चमचे साखरेचा एक जादा चहा ८० च्या पुढे, गप्पा मारता मारता तोंडात टाकलेले २० ग्रॅम शेंगदाणे १०० च्या वर. एवढ्यात वजन स्थिर. तो ‘तेच खातो आहे’ असे प्रामाणिकपणे सांगतो आणि त्याला खरेच तसे वाटत असते.

हे प्रामाणिकपण एकदा प्रयोगशाळेतही तपासले गेले. १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात, १,२०० कॅलरींहून कमी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्यांचे खाणे अचूक पद्धतीने मोजले. सांगितलेल्या आणि प्रत्यक्ष खाण्यात ४७ टक्क्यांची तफावत निघाली. व्यायामही ५१ टक्क्यांनी जास्त सांगितला गेला होता. त्यांचे चयापचय मात्र ठीक होते. ही बातमी अनेकदा ‘लठ्ठ माणसे खोटे बोलतात’ अशी वाचली जाते, ते अन्यायाचे आहे. तेलाची धार कुणीच डोळ्यांनी अचूक मोजू शकत नाही, आहारतज्ज्ञसुद्धा नाही.

आधी काटा खरोखर अडला आहे का?

दोन आठवडे वजन न हलणे म्हणजे अडणे नव्हे. मीठ, पाणी, बद्धकोष्ठता, मासिक पाळी यांनी किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. पहिल्या पंधरवड्यात झरझर उतरलेल्या वजनातही पाण्याचा वाटा मोठा असतो, कारण शरीरात साठवलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते आणि ते आधी निघून जाते. रोज एकाच अवस्थेत वजन करून आठवड्याची सरासरी काढावी. फिरत्या पाळीवाल्याने ‘सकाळी’ हा नियम न लावता मोठी झोप झाल्यावर, शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन घ्यावे. सोबत कंबर मोजावी: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर आहे. चार-पाच आठवडे सरासरीही हलली नाही आणि कंबरही, तर काटा अडला म्हणावे.

मग पहिले काम म्हणजे आठवडाभर सगळे लिहिणे, सुटीच्या दिवसासकट. बहुतेकांचे पाच दिवस नेटके असतात आणि आठवड्याची कपात सुटीच्या एका दिवसात फिटते. चैत्रात मांगीरबाबांच्या जत्रेच्या दिवसांत कंदुरीच्या जेवणांची आमंत्रणे येतात, लग्नसराईही असते. ती जेवणे टाळायची गरज नाही, वहीत मात्र ती यावीत.

तेलासाठी रोज चमचा मोजण्यापेक्षा डबा किती दिवस पुरतो ते पाहावे. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी दिवसाला सुमारे ३८ ग्रॅम तेल, म्हणजे ३४० कॅलरी झाल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २,००० कॅलरींच्या नमुना थाळीत तेल-तूप मिळून २७ ग्रॅमच्या आसपास आहे. तोच डबा ४० दिवस पुरवला की माणशी २८ ग्रॅमवर येता येते. यात एकट्याचे डाएट नाही, सगळ्या घराचे भले आहे.

कपात आणखी वाढवण्याऐवजी ताटातली अदलाबदल जास्त उपयोगी पडते. मराठवाड्याचे ताट ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा, शेवभाजी असे चविष्ट, पण प्रथिनांत थोडे उणे. वजन उतरवताना किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळावीत, असा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भाताची दुसरी वाढ न घेता घट्ट वरण किंवा उसळ दुसऱ्यांदा मागता येते. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात, आणि दही, मटकी, सोयाबीन वडी सगळीकडे मिळते. प्रथिनांनी पोटही जास्त वेळ भरलेले वाटते, आणि भांडण भुकेशीच आहे.

दुसरे कारण स्नायूंचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, असा हा आपल्याकडचा बांधा. वजनासोबत तेही थोडके स्नायू गमावणे आपल्याला महागात पडते. नुसत्या चालण्याने ते वाचत नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत वजन उतरवणाऱ्या ज्येष्ठांपैकी फक्त चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांनी स्नायू वगैरे चरबीविरहित वस्तुमान पाच टक्के गमावले, तर वजन उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांनी दोन टक्के. जिमची फी हा प्रश्न नाही. तालमीतल्या जोर-बैठका, पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी उचलणे, आठवड्यातून दोन-तीनदा, हळूहळू वाढवत नेले की पुरते. गुडघे दुखत असतील तर बैठकांऐवजी खुर्चीतून उठबस.

रात्रपाळी करणाऱ्यांसाठी सगळ्यात अवघड गोष्ट झोप आहे. शिकागोत २०१० मध्ये दहा जणांना सारख्याच कमी कॅलरींवर दोनदा, दोन-दोन आठवडे ठेवले, एकदा साडेआठ तास झोपेची सोय देऊन आणि एकदा साडेपाच. काट्यावर दोन्ही वेळा सारखेच सुमारे तीन किलो कमी झाले. पण कमी झोपेत चरबीची घट ५५ टक्क्यांनी कमी झाली आणि त्या जागी स्नायू गेले. भूकही वाढली. रात्रपाळीहून आल्यावर मोबाइल बाजूला ठेवून, खिडकीला जाड पडदा लावून सलग झोपणे हा वजनाचाच उपचार आहे. पाळीच्या मध्यरात्री भरपेट जेवण्याऐवजी पाळीला जाण्यापूर्वी जेवून मधे हलके खाणे बऱ्याच जणांना सोसते.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी वजन उतरू लागताच डॉक्टरांना भेटून डोस तपासून घ्यावा. जुना डोस आणि कमी जेवण, त्यावर यंत्रासमोर उभे राहून काम, यात साखर अचानक खाली येऊ शकते. थायरॉइड, पीसीओएस, स्टेरॉइड आणि काही मानसिक आजारांची औषधेही वजन अडवतात. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांनीही काटा शेवटी थांबतोच, फक्त उशिरा आणि खालच्या आकड्यावर. भूक दाबली जाते तोवरच ते टिकते.

आणि काही वेळा थांबलेला काटा थांबू द्यायला हरकत नसते. महिना-दोन महिने आहे ते वजन टिकवणे हे काम आहे, सुटी नव्हे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांना घेतले होते. ज्यांचा आहार आणि चालणे सुधारले, त्यांच्यात अडीच वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी निघाले. त्यांचे वजन या काळात जवळजवळ हललेच नव्हते.